वृद्ध कुत्र्याच्या अंगावरील गाठ : कर्करोग ओळखावा कसा, निगा राखावी कशी?

वाराणसीतील पंचगंगा घाटाला लागून असलेल्या बालाजी घाटाचे मराठी माणसाशी जुने नाते आहे. पेशव्यांच्या आश्रयाने हा घाट उभा राहिला. तेथील बालाजी मंदिरात उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांनी वर्षानुवर्षे सनईचा रियाज केला. जवळच्या दुर्गा घाट आणि ब्रह्मा घाट परिसरात पिढ्यानपिढ्या मराठी कुटुंबे राहत आली आहेत.

काशीतील इतर घाटांप्रमाणे याही घाटाच्या पायऱ्यांवर कुत्र्यांचा वावर असतो. हे कुत्रे कोणा एकाच्या मालकीचे नसतात. नावाडी, चहावाले, फुलवाले आणि पुजारी यांनी दिलेल्या तुकड्यावर त्यांची गुजराण होते. त्यांच्यापैकी फार थोडे उतारवयापर्यंत पोहोचतात. जे पोहोचतात, त्यांच्या अंगावर कधी ना कधी एखादी गाठ अथवा न भरणारी जखम दिसू लागते.

अशा वेळी कोणी त्याला खरूज म्हणतो, कोणी म्हातारपण, तर कोणी कॅन्सर. निष्कर्ष मात्र बहुधा एकच काढला जातो : आता करण्यासारखे काही उरले नाही. घरात पाळलेल्या वृद्ध कुत्र्याच्या बाबतीतही अनेक कुटुंबे याच निष्कर्षापर्यंत येतात.

पशुवैद्यकशास्त्र वेगळे सांगते. नुसत्या डोळ्यांनी पाहून गाठ साधी आहे की घातक, हे अनुभवी पशुवैद्यकालाही खात्रीने सांगता येत नाही. ते ठरते सुईने काढलेल्या काही पेशींवरून. त्यानंतरही अनेक गाठी पूर्ण बऱ्या होण्यासारख्या असतात आणि ज्या बऱ्या होत नाहीत त्यांच्या वेदना कमी करता येतात.

प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते

कुत्र्यांमध्ये आढळणाऱ्या गाठींमध्ये त्वचेच्या गाठींचे प्रमाण सर्वाधिक आहे. पशुवैद्यकीय ग्रंथांनुसार त्यांपैकी साधारणपणे २० ते ४० टक्के गाठी घातक असतात. उरलेल्यांमध्ये चरबीच्या मऊ गाठी, चामखिळी, तैलग्रंथींच्या गाठी आणि गळू यांचा समावेश होतो.

मोठ्या जातीचा कुत्रा सुमारे सातव्या वर्षी, तर लहान जातीचा नवव्या-दहाव्या वर्षी वृद्ध मानला जातो. वयाबरोबर गाठींचे प्रमाण वाढते. तथापि, वय हा स्वतः आजार नाही. हृदय, मूत्रपिंडे आणि यकृत यांचे काम ठीक चालू असेल तर दहा-बारा वर्षांच्या कुत्र्यावरही भूल देऊन शस्त्रक्रिया करता येते.

पुढील लक्षणे दिसल्यास विलंब करू नये, असे पशुवैद्यक सांगतात : वाटाण्याएवढी किंवा एक सेंटिमीटरहून मोठी असलेली अथवा महिनाभर टिकलेली गाठ, झपाट्याने वाढणारी किंवा आकार सतत कमी-जास्त होणारी गाठ, फुटलेली, रक्त येणारी किंवा दुर्गंधी सुटलेली गाठ, तीन-चार आठवड्यांत न भरलेली जखम, नखाच्या मुळाशी आलेली सूज.

अंगावरील गोचीड ही गाठ समजली जाते आणि गाठ ही गोचीड समजून ओढली जाते, असेही घडते. म्हणून केस बाजूला करून नीट पाहणे आवश्यक असते.

चार प्रमुख प्रकार

भारतातील भटक्या कुत्र्यांच्या संदर्भात चार प्रकारचे कर्करोग विशेष लक्षात घ्यावे लागतात.

पहिला मास्ट पेशींचा. कुत्र्यांच्या त्वचेवरील घातक गाठींमध्ये हा सर्वाधिक आढळतो. मास्ट पेशी शरीराच्या संरक्षणव्यवस्थेचा भाग असून त्यांच्यात हिस्टामिन नावाचे रसायन साठवलेले असते. गाठ चोळली किंवा दाबली गेल्यास हे रसायन बाहेर पडते. परिणामी गाठ लाल होऊन सुजते आणि काही तासांनी पुन्हा लहान होते. हिस्टामिनमुळे जठरातील आम्ल वाढून उलट्या होतात आणि विष्ठा काळी होते. अशी गाठ वरचेवर दाबून पाहणे धोक्याचे असते.

या गाठीचे रूप फसवे असते. ती कधी चरबीच्या गाठीसारखी मऊ, तर कधी डास चावल्यासारखी दिसते. काढलेल्या गाठीची प्रतवारी करण्याची पद्धत न्यूयॉर्कमधील रोगनिदानतज्ज्ञ अमिय पटनायक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली मांडली. २०११ पासून उच्च आणि निम्न अशी दोनच प्रती मानणारी पद्धतही वापरली जाते. निम्न प्रतीची गाठ संपूर्ण काढल्यास बहुतेक कुत्रे बरे होतात.

दुसरा प्रकार उन्हाशी संबंधित आहे. त्वचेच्या वरच्या थरातील स्क्वेमस पेशींचा हा कर्करोग पांढऱ्या, आखूड केसांच्या कुत्र्यांच्या पोटावर आणि मांडीच्या आतील विरळ केसांच्या भागावर आढळतो. वाराणसीचे घाट पूर्वाभिमुख असल्याने सूर्योदयापासून पायऱ्यांवर थेट ऊन पडते. पोट वर करून तासन्‌तास ऊन खाणाऱ्या फिकट त्वचेच्या कुत्र्याला हा धोका अधिक असतो. प्रारंभी त्वचा लाल आणि खरखरीत होते, खपली धरते व पडते आणि मग जखम होते. लोक तिला खरूज समजतात.

तिसरा मेलानोमा, म्हणजे रंगद्रव्य निर्माण करणाऱ्या पेशींचा. केसाळ त्वचेवरील अशा काळ्या गाठी कुत्र्यांमध्ये पुष्कळदा निरुपद्रवी असतात. तोंडात किंवा नखाच्या मुळाशी आलेली गाठ मात्र बहुधा आक्रमक असते आणि लवकर पसरते.

चौथा प्रकार भटक्या कुत्र्यांमध्ये विशेष आढळतो.

संसर्गाने पसरणारी गाठ

कर्करोग संसर्गजन्य नसतो, या नियमाला कुत्र्यांमध्ये एक अपवाद आहे. समागमातून, तसेच हुंगण्यातून, चाटण्यातून आणि चावण्यातून एका कुत्र्याच्या गाठीतील जिवंत पेशी दुसऱ्या कुत्र्याच्या अंगावर रुजतात आणि तेथे वाढू लागतात. पशुवैद्यक तिला संक्रमणशील गुप्तरोगाची गाठ म्हणतात. ती मुख्यतः जननेंद्रियांवर येते. परंतु नाक, तोंड आणि त्वचेवरही आढळते. फुलकोबीच्या गड्ड्यासारखी, लालसर, सहज रक्त येणारी ही गाठ पाहणाऱ्याला भयंकर वाटते.

रशियन पशुवैद्यक म्स्तिस्लाव नोविन्स्की यांनी १८७६ साली हीच गाठ एका कुत्र्यातून दुसऱ्यात रुजवून दाखवली होती. कर्करोग एका प्राण्यातून दुसऱ्यात नेण्याचा तो सुरुवातीचा यशस्वी प्रयोग मानला जातो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय जनुकीय अभ्यासानुसार जगभरच्या कुत्र्यांमधील ही गाठ सुमारे ४,००० ते ८,५०० वर्षांपूर्वी आशियातील एकाच कुत्र्यात उगम पावली. त्या कुत्र्याच्या पेशी आजवर जिवंत आहेत. हा रोग माणसाला होत नाही.

दिसायला सर्वांत भीषण असलेली ही गाठ बरी होण्याच्या दृष्टीने सर्वांत आशादायक आहे. व्हिन्क्रिस्टीन हे औषध आठवड्यातून एकदा शिरेतून दिल्यास बहुसंख्य कुत्रे पूर्ण बरे होतात. साधारणपणे चार ते आठ मात्रा पुरतात. गाठ मोठी असल्यास किंवा कुत्रा वयस्कर असल्यास त्याहून अधिक लागू शकतात.

हे औषध मराठी अंगणात सर्रास दिसणाऱ्या सदाफुलीपासून मिळते. माणसांच्या रक्ताच्या कर्करोगावरील उपचारांसाठी ते १९६० च्या दशकापासून वापरले जात आहे. याचा अर्थ सदाफुलीचा पाला वाटून कुत्र्याला द्यावा, असा नाही. ही वनस्पती विषारी आहे. औषधाची मात्रा शरीराच्या आकारमानानुसार मोजून द्यावी लागते आणि ते शिरेबाहेर सांडल्यास तेथील मांस सडते. प्रत्येक मात्रेपूर्वी रक्तातील पांढऱ्या पेशींची तपासणी करावी लागते.

निदानाची पायरी

गाठ आढळल्यावर पहिली तपासणी सुईची. बारीक सुईने गाठीतील पेशी काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या जातात. यासाठी बहुतेक वेळा भूल लागत नाही आणि काही मिनिटांत काम होते. मास्ट पेशींची आणि संसर्गजन्य गाठ या तपासणीतून बऱ्याचदा ओळखू येते. सुई टोचल्याने कर्करोग पसरतो, हा समज त्वचेच्या गाठींबाबत निराधार आहे.

एवढ्याने उलगडा न झाल्यास गाठीचा तुकडा काढून बायोप्सी केली जाते. कर्करोग निश्चित झाल्यावर जवळच्या लसिका ग्रंथी तपासणे, छातीचा एक्स-रे आणि पोटाची सोनोग्राफी या तपासण्यांतून तो किती पसरला आहे ते कळते.

भारतात आणखी एक तपासणी महत्त्वाची ठरते. गोचिडांमुळे होणाऱ्या तापात रक्त गोठवणाऱ्या पेशी कमी होतात. अशा कुत्र्यावर शस्त्रक्रिया केल्यास रक्तस्राव थांबत नाही. त्यामुळे आधी रक्ततपासणी करून हा ताप असल्यास त्यावर उपचार करावे लागतात.

उपचार

त्वचेच्या बहुतेक कर्करोगांवर शस्त्रक्रिया हा मुख्य उपचार आहे. गाठीबरोबर तिच्या भोवतालची निरोगी दिसणारी त्वचाही काढली जाते. मास्ट पेशींच्या गाठीसाठी हे अंतर अनेकदा दोन सेंटिमीटरपर्यंत असते. म्हणूनच गाठ लहान असताना केलेली शस्त्रक्रिया सोपी जाते.

काढलेली गाठ फेकून देऊ नये. ती फॉर्मॅलिनमध्ये ठेवून प्रयोगशाळेत पाठवल्यास तिची प्रत कळते आणि कडेला कर्करोगाच्या पेशी शिल्लक आहेत का, याचा उलगडा होतो. पुढील उपचार त्यावर अवलंबून असतात.

ज्या गाठी पूर्ण काढता येत नाहीत त्यांच्यासाठी केमोथेरपी, स्टेरॉइड आणि काही ठिकाणी किरणोपचार यांचा विचार होतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००९ साली टोसेरॅनिब या गोळीला मान्यता दिली. खास कुत्र्यांच्या कर्करोगासाठी त्या संस्थेने मंजूर केलेले ते पहिले औषध होते. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडच्या वर्षावनातील एका झाडाच्या बियांपासून मिळवलेले आणि थेट गाठीत टोचायचे टिगिलॅनॉल टिग्लेट हे औषध २०२० साली युरोप आणि अमेरिकेत मंजूर झाले.

कुत्र्यांच्या केमोथेरपीचा हेतू माणसांच्या उपचारांहून काहीसा वेगळा असतो. मात्रा सौम्य ठेवल्या जातात आणि उरलेले आयुष्य चांगले जावे यावर भर असतो. त्यामुळे अंगावरचे केस झडणे, सतत उलट्या होणे असे दुष्परिणाम तुलनेने कमी दिसतात. औषध दिल्यावर दोन-तीन दिवस कुत्र्याचे मल-मूत्र हातमोजे घालून साफ करावे आणि लहान मुले व गर्भवती स्त्रियांना त्यापासून दूर ठेवावे.

रोजची निगा

वृद्ध आणि आजारी कुत्र्याच्या बाबतीत रोजची निगा औषधाइतकीच महत्त्वाची ठरते.

आठवड्यातून एकदा डोक्यापासून शेपटीपर्यंत हात फिरवून तपासावे. आढळलेल्या गाठीशेजारी नाणे धरून छायाचित्र घ्यावे आणि तारीख नोंदवावी. गाठ वाढते आहे की नाही, याचा पुरावा त्यातून मिळतो.

फुटलेली गाठ सलाइनने हलक्या हाताने धुवावी. चाटू नये म्हणून गळ्यात शंकूच्या आकाराचे प्लास्टिकचे कडे घालावे. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात उघड्या जखमेवर माश्या बसून एक-दोन दिवसांत अळ्या पडतात. अशा वेळी त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे न्यावे. चुना, रॉकेल, फिनाईल किंवा गाडीचे जळके ऑइल लावण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. त्यामुळे त्वचा भाजते आणि चाटल्यास विषबाधा होते.

माणसांसाठीची वेदनाशामके देऊ नयेत. आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल कुत्र्याच्या जठराला, मूत्रपिंडांना किंवा यकृताला घातक ठरू शकतात. पशुवैद्यकाने दिलेले सूजनाशक औषध आणि स्टेरॉइड एकाच वेळी देऊ नये, कारण त्यामुळे जठरात व्रण होतात.

कर्करोगात स्नायू झिजतात. त्यामुळे अन्नात पुरेशी प्रथिने हवीत. उकडलेले अंडे, कोंबडीचे मांस किंवा मासे मऊ भातात कालवून थोडे थोडे, दिवसातून तीन-चार वेळा द्यावे. केवळ पोळी-दुधावर वृद्ध कुत्र्याचे पोषण होत नाही. कांदा, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट वर्ज्य करावे.

म्हाताऱ्या कुत्र्याचे सांधेही दुखत असतात. थंड दगडावर गोणपाटाची किंवा जुन्या गोधडीची घडी अंथरावी. फिकट त्वचेच्या कुत्र्याला सकाळी दहानंतर सावलीत न्यावे. पाण्याचे भांडे दोन पावलांवर असावे.

मालक नसलेल्या कुत्र्याचे काय?

घरातील कुत्र्याला औषध देणारा माणूस ठरलेला असतो. घाटावरचा कुत्रा सर्वांचा असतो आणि त्यामुळेच आजारपणात कोणाचाच राहत नाही. व्हिन्क्रिस्टीनच्या सहा मात्रा म्हणजे सहा आठवडे त्याच कुत्र्याला शोधून, पकडून दवाखान्यात नेणे. काशीच्या जुन्या वस्तीतील गल्ल्यांत चारचाकी शिरत नाही आणि गंगेला पूर आला की पायऱ्या बुडून कुत्रे गल्ल्यांत विखुरतात. उपचार अर्धवट सुटण्याचे कारण बहुधा औषधाचा अभाव नसून माणसाचा अभाव हे असते.

यावर व्यवहार्य मार्ग म्हणजे कामाची वाटणी. एकाने औषधाची वही ठेवावी, एकाने सकाळची गोळी अन्नातून द्यावी, एकाने ठरलेल्या वारी दवाखान्यात न्यावे. उपचार चालू असेपर्यंत कुत्र्याला एखाद्या ओसरीत किंवा अंगणात बांधून ठेवण्याची सोय झाल्यास बरे होण्याची शक्यता पुष्कळ वाढते. वेदनेत असलेला ओळखीचा कुत्राही चावू शकतो. म्हणून हाताळणाऱ्याने जाड कापड वापरावे, कुत्र्याचे रेबीजचे लसीकरण झाले असल्याची खात्री करावी आणि दंश किंवा ओरखडा झाल्यास जखम साबणाने पंधरा मिनिटे धुऊन तत्काळ लस घ्यावी.

नसबंदी हा प्रतिबंधाचाही उपाय आहे. तिच्यामुळे समागम कमी होऊन संसर्गजन्य गाठीचा प्रसार घटतो आणि मादीची नसबंदी लहान वयात झाल्यास स्तनांच्या गाठींचा धोकाही कमी होतो. प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार ही जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थांवर आहे. २००१ च्या नियमांची जागा २०२३ मध्ये नव्या नियमांनी घेतली.

गुंतागुंतीच्या रुग्णांसाठी मोठ्या संस्थांकडे जाता येते. बनारस हिंदू विद्यापीठाची पशुवैद्यक विद्याशाखा मिर्झापूर जिल्ह्यातील बरकछा येथे आहे. बरेलीजवळील इज्जतनगर येथे भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था आहे. या संस्थेची सुरुवात १८८९ साली पुण्यात झाली होती. मुंबईत परळ येथे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय, तर महालक्ष्मी येथे २०२४ साली सुरू झालेले टाटा ट्रस्ट्सचे लहान प्राण्यांचे रुग्णालय आहे.

अखेरचा निर्णय

काही कुत्र्यांचा कर्करोग बरा होत नाही. अशा वेळी किती काळ उपचार करावेत, हा प्रश्न सर्वांत कठीण असतो. अमेरिकन पशुवैद्यक अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांनी २००४ साली त्यासाठी सात निकष सुचवले : वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस अधिक आहेत का. प्रत्येकाला शून्य ते दहा गुण द्यावेत. बेरीज ३५ च्या वर असेल तर कुत्र्याचे जगणे सुसह्य आहे असे मानता येते. गुण एकाच दिवशी न देता आठवडाभर नोंदवावेत आणि शक्य असल्यास दोघांनी स्वतंत्रपणे द्यावेत.

गुण सतत घसरत असतील आणि वेदना औषधांनीही आटोक्यात येत नसेल, तर दयामरणाचा पर्याय पशुवैद्यकाशी बोलून ठरवावा. त्यात आधी गुंगीचे औषध दिल्यास कुत्रा झोपेतच जातो. रस्त्यावरील कुत्र्यांबाबत हा निर्णय कोणा एका व्यक्तीला घेता येत नाही. तो असाध्य आजारी असल्याचे निदान नियमांत ठरवून दिलेल्या व्यक्तींनी करावे लागते आणि पात्र पशुवैद्यकानेच ही क्रिया करावयाची असते. विष घालणे हा गुन्हा आहे.

काशीत कुत्रा हा कालभैरवाचे वाहन मानला जातो. महाराष्ट्रात तो दत्ताच्या पायाशी आणि खंडोबाच्या घोड्याबरोबर असतो. काशीत आलेले मरण मुक्ती देते, अशीही श्रद्धा आहे. मात्र या श्रद्धेच्या आधारे त्याच्या वेदनेकडे डोळेझाक करता येत नाही. गाठ दिसल्यापासून सुईची तपासणी होईपर्यंतचे दिवस सर्वाधिक मोलाचे असतात आणि बहुतेक वेळा तेच वाया जातात. त्यामुळे वृद्ध कुत्र्याच्या अंगावर नवी गाठ आढळली, तर तिचे नाव काय असावे याची चर्चा करण्याऐवजी त्याच आठवड्यात तिची तपासणी करून घ्यावी.